श्यामले नेलं

ताकाच्या डेऱ्यापुढे तोंड उघडलं की माय रईच्या दोरीचं टोक अंगावर फेकायची. लागायचं नाही, पण अपमान व्हायचा. रई म्हणजे रवी. आमच्याकडे तिला रईच म्हणतात, आणि ती फिरत असताना घरात कुणी बोलायचं नाही असा मायचा कायदा होता. लोणी आलं, असं तर चुकूनही म्हणायचं नाही. गोळा हातात येईपर्यंत "जमून राहिलं" एवढंच. लोण्याला ऐकू जातं आणि ते लाजून पुन्हा ताकात पसरतं, असं तिचं म्हणणं. मी विज्ञानाची पदवी घेतली, अंजनगाव सुर्जीच्या शाळेत पोरांना विज्ञान शिकवते, त्यामुळे तापमान आणि स्निग्धांश वगैरे सगळं मी तिला सांगून पाहिलं. "तुह्या पुस्तकातलं लोनी ऐकत नसंल," म्हणाली आणि दोरी ओढत राहिली.

कायदे पुष्कळ होते. लोण्याचा पहिला ठिपका घुसळखांबाला लावायचा. त्यानंतरचा सुपारीएवढा गोळा श्यामच्या हातावर. श्याम माझा धाकटा भाऊ. माझ्या हातावर का नाही, हे मी लहानपणी रडून आणि मोठेपणी भांडून विचारलं. "तो घरचा बाळकिसन. तू पाहुनी." मी लग्न केलं नाही, अजून माय-बाबांजवळच राहते, तरी पाहुणी. श्याम मात्र शिकायला म्हणून अमरावतीला गेला तो तिकडचाच झाला. राजापेठेत एका ट्यूशन क्लासमध्ये गणित शिकवायचा. तिथली पोरं त्याला टरकून असत. पण गावी आला की चाळिशीला टेकलेला हा माणूस सकाळी डेऱ्यापुढे मांडी घालून, तळहात पुढे करून, चूप बसायचा. मला तेव्हा त्याचा राग यायचा आणि हसूही यायचं.

एक कायदा मात्र कुणी कुणाला सांगावा लागत नसे. घरातलं माणूस गेलं की विरजण झाडाच्या बुडाशी ओतायचं आणि डेरा धुऊन अंगणात पालथा घालायचा. सुतक फिटेपर्यंत तो तसाच. मग दुसऱ्याच्या घरून विरजण मागून आणायचं आणि नव्याने दही लावायचं. त्यामुळे आमच्या गावात मरणाची खबर द्यायला माणूस धाडत नाहीत. रस्त्यावरून अंगणातला पालथा डेरा दिसला की बाया हातातलं काम टाकून येतात.

मागच्या हिवाळ्यात श्याम कसल्याशा कार्यक्रमासाठी अकोल्याला गेला आणि तिथेच त्याच्या छातीत कळ आली. हृदयाचं मोठं ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. त्याची बायको अपेक्षा राजापेठेहून धावली. बाबा गावाहून गेले. मायचं ब्लडप्रेशर वाढलेलं, म्हणून तिला न्यायचं नाही असं ठरलं, आणि तिच्याजवळ मी राहिले.

ऑपरेशनच्या सकाळी मी आंघोळीला गेले होते. फोन मायच्या हातात होता. ती तो खालीच ठेवत नव्हती. तेवढ्यात बाबांचा फोन आला. त्यांना तीनच शब्द नीट बोलता आले असतील, त्यातले दोन मायला ऐकू गेले. "श्यामले नेलं." मग लाइन तुटली.

बाबांना म्हणायचं होतं, ऑपरेशनला आत नेलं. पण आमच्याकडे माणसाबद्दल 'नेलं' म्हटलं की त्याचा अर्थ एकच. कुणी नेलं, हे विचारावं लागत नाही. शेजारचं तरणं पोरगं तापाने गेलं तेव्हा त्याचा बाप ओट्यावर बसून हाच एक शब्द म्हणत होता. माय बेचाळीस वर्षं बाबांबरोबर संसार करून त्यांची अर्धी वाक्यं पुरी करायला शिकली होती. तिने हेही पुरं केलं.

मी ओल्या केसांनी बाहेर आले तेव्हा कडुनिंबाच्या बुडाशी पांढरंशुभ्र दही सांडलेलं होतं. डेरा धुऊन, पुसून, अंगणाच्या मधोमध पालथा घातलेला. माय त्याच्या बाजूला भुईवर बसली होती. रडत नव्हती. आधी काम उरकलं होतं तिने.

"माय, हे काय केलं?"

"नेलं वं त्याले. तुह्या बाबाचा फोन होता."

विज्ञान वगैरे सगळं एका क्षणात गेलं आणि मीही तिच्या बाजूला मटकन बसले. सगळ्यात आधी पार्बताबाई आली. गावातल्या पाचवीपासून तेरवीपर्यंत कुठल्या वेळी काय करायचं, ते या म्हातारीला विचारून ठरतं. तिने दारातूनच सूर लावला. मग आमच्या भावकीतली गोदाबाई काकू आली, मग आळीतल्या सगळ्याच. अंगण भरून गेलं. मी रडत रडत बाबांना फोन लावत होते आणि तो लागत नव्हता. लागला तेव्हा बाबा चिडून बोलले, "अवं, ऑपरेशनले नेलं म्हनलं मी! आत हाये तो. काय झालं? कोन रडून राहिलं तिथं?"

"जिवंत हाये! श्याम जिवंत हाये!" मी ओरडले. पार्बताबाई लगेच थांबली नाही. एकदा लागलेलं रडणं असं झटकन थांबत नाही. आणि खरं सांगते, मी हसले. खो-खो हसले, डोळ्यांतून पाणी काढत. माय उठली आणि तिने डेरा इतक्या घाईने सरळ केला की काठाचा कपचा उडाला.

पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. अपेक्षाचं माहेर अंजनगावचं. अंगणातल्या कुणीतरी चांगुलपणाने तिथे फोन केला. तिकडून तिच्या भावाने ओक्साबोक्शी रडत अपेक्षाला फोन केला. ती ऑपरेशन थिएटरच्या बंद दारापुढे बाकावर बसली होती, आणि आपला नवरा मेला ही बातमी तिला अंजनगावहून कळली. डॉक्टर लपवतात असं तिला वाटलं. तिने दारावर मुठी मारल्या, डोकं आपटलं, मग भोवळ येऊन पडली. बाबा तिला सांगत होते, पोरी, आत्ताच आत नेलं त्याला. आणि 'नेलं' ऐकलं की ती पुन्हा किंचाळत होती. बाबा आता तो शब्द धान्याच्या पोत्यासाठीही वापरत नाहीत.

दुपारी ऑपरेशन सुखरूप पार पडलं. इथे ही गोष्ट संपायला हवी होती.

पण संध्याकाळी बाया पुन्हा आमच्या ओट्यावर जमल्या, कारण नवाच प्रश्न उभा राहिला होता. डेरा सरळ केला, पण विरजण कुठलं? सुतक असलेल्या घरी मधेच विरजण देत नाहीत. आणि सुतक आहे की नाही? कुणी मेलं नाही, म्हणून नाही. डेरा पालथा घातला, म्हणून आहे. अर्धा तास हा वाद चालला. शेवटी सगळ्या पार्बताबाईकडे पाहू लागल्या.

"डेरा पालथा घातला तो त्याच्याच नावानं," ती म्हणाली. "मायनं सोताच्या हातानं. या घरी तो मेला. आता त्याले जगाचं असंल त दुसऱ्या घरी जलमाले पायजे. दुसऱ्या बाईच्या ओटीत घाला, तिच्या डेऱ्याचं लोनी जिभेले लावा. मंग तो तिचा."

"अन् नाई केलं त?" कुणीतरी विचारलं.

"मंग ज्यानं बोलावलं तो वाट पाहीन."

मी पार्बताबाईला घरी जायला सांगितलं. शब्द चांगले नव्हते माझे. पण मायकडे पाहिलं आणि कळलं की तिने ऐकलं होतं.

श्यामला दवाखान्यातून सुट्टी मिळाली आणि तो राजापेठेला घरी गेला. मी मायला घेऊन येते म्हणून फोन केला, तर अपेक्षा म्हणाली, "ताई, तुमी या. आईले आनू नका." मला भयंकर राग आला. पण त्या बाकावर ती बसली होती, मी नाही; त्यामुळे फोनवर भांडता आलं नाही. मायने दोन-चारदा पिशवी भरली. गूळ, लिंबाचं लोणचं, श्यामचा जुना मफलर. मग पुन्हा रिकामी केली. तिला फार काही नको होतं. एकदा त्याला डोळ्यांनी पाहायचं आणि डोक्यावरून हात फिरवायचा. रोज सकाळी ती मला विचारायची, "आज म्हनते काय अपेक्षा, ये म्हनून?" आणि मी रोज वेगळी थाप मारायचे.

मग श्यामला ताप आला. टाके पिकले. पुन्हा दवाखाना, पुन्हा सुया. पार्बताबाईचं बोलणं अंजनगावला, अपेक्षाच्या आईपर्यंत, केव्हाच पोचलं होतं. निरोप आला: गोदाबाईच्या ओटीत घालायचा विधी करा, मग आशाबाईंनी, म्हणजे मायने, खुशाल भेटावं, आधी नाही. गोदाबाई का, तर तिच्याकडे दोन म्हशी, रोजची घुसळण, पोरी सगळ्या नांदायला गेलेल्या, आणि पोरगा नाही. कुणाला वाटावं, कुणीतरी बसून हिशेबाने बाई निवडली.

मी तडक राजापेठेला गेले. खाली दुकानं, वर क्लासेसच्या पाट्या, जिन्यात पोरांचे बूट. श्याम पलंगावर शाल गुंडाळून बसला होता. निम्मा झाला होता.

"तू गणित शिकवतो ना रे?" मी विचारलं.

"हाव."

"मंग हे काय चाललं? आईच बदलून राहिला तू?"

त्याने शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाला, "ताई, मले भूल देऊन राहिले होते तवाच माय माह्या नावानं दही ओतून राहिली होती. तवाच. त्याचा अर्थ काई नाई, मले मालूम हाये. दिवसभर मालूम असते."

"अन् रात्री?"

"डोये लावले की मायचं तोंड दिसते. हाका मारते मले. मी उठून बसतो."

"श्याम, तुले मायचं भेव वाटते?"

त्याचे डोळे भरून आले. "वाटते," तो म्हणाला.

मी भांडायला आले होते. याच्याशी काय भांडणार? अपेक्षाने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "ताई, माह्या जागी तुमी असत्या त काय केलं असतं?" मी चहा प्यायले आणि शेवटच्या गाडीने परत आले.

मला वाटलं होतं, माय नाही म्हणेल. नऊ महिने वागवलेलं पोर, तिचा बाळकिसन. मी तिला शिकवून ठेवलं, "तू साफ नाई म्हन. मी पाहते पुढचं."

"काहून नाई म्हनू? माह्याच हातानं झालं ना ते?"

"तुह्या हातानं काई झालं नाई, माय. टाके पिकतात. कोनाचेही पिकतात."

"पिकत असतीन. पन ओटीत घातल्यानं पोरगं जगत असंल त तुले काय करायचं हाये?"

गोदाबाई आदल्या दिवशी आमच्याकडे आली. तिला आनंद झाला होता आणि त्याची लाजही वाटत होती. बिचारी नीट बघतही नव्हती. "आशा, तू म्हनशील त मी आत्ता नाई म्हनते." मी मनातल्या मनात म्हटलं, म्हण, माय, म्हण. माय म्हणाली, "लोनी मऊ काढजो. त्याचा घसा बसला हाये."

विधी गोदाबाईच्या घरी झाला. मायला उंबऱ्याच्या आत यायची परवानगी नव्हती. ती अंगणात उभी होती, आणि मी तिच्याजवळ. आत रई फिरत होती. कुणी बोलत नव्हतं. गोदाबाईने गोळा काढला. मग श्याम उठला आणि तिच्या मांडीवर बसला. म्हणजे बसल्यासारखं केलं, सगळं वजन स्वतःच्या पायांवर तोलून, म्हातारीला लागू नये म्हणून. शर्टाच्या उघड्या गुंडीतून गळ्यापर्यंत आलेला टाक्यांचा व्रण दिसत होता. एरवी कुणीही हसलं असतं. कुणी हसलं नाही.

पार्बताबाईने आतून विचारलं, "आशाबाई, हा पोरगा कोनाचा?"

"गोदाबाईचा," माय म्हणाली.

"तुहा कोन?"

"माहा कोनी नाई."

तीनदा विचारलं, तीनदा तिने सांगितलं. आवाज ठणठणीत. शाळेतल्या पोराने पाठ केलेलं उत्तर द्यावं तसा. तिसऱ्यांदा मात्र ती थांबली आणि कुणी न विचारता म्हणाली, "मी त्याची मावशी."

पार्बताबाई गोंधळली. हे तिच्या रीतीत नव्हतं. तिने जरा विचार केला आणि मान डोलावली. मायने तेवढं एक नातं त्या सगळ्यातून ओरबाडून घेतलं होतं, त्याला आपल्याला हाक मारायला काहीतरी उरावं म्हणून. मला तिथेच रडू फुटलं. गोदाबाईने श्यामच्या जिभेवर लोणी ठेवलं. त्याने डोळे मिटून ते गिळलं, बाहेर आला, आणि मायच्या पायांवर वाकला. "येतो, मावशी," तो म्हणाला. मायने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तिला जे हवं होतं ते मिळालं.

मला वाटलं, चार दिवसांचा खेळ आहे, विरून जाईल. विरला नाही. श्याम बरा झाला, क्लासला जाऊ लागला, आणि बरा झाला म्हणून तर ते जास्तच पक्कं झालं. गावी आला की तो गोदाबाईकडे उतरायचा. आमच्याकडे चहाला यायचा, खुर्चीवर बसायचा, कपबशी स्वतः उचलून ठेवायचा. अपेक्षा आता मायशी गोड बोलायची. मायने पुन्हा दही लावलं नाही. गोदाबाई विरजणाची वाटी घेऊन आली होती, तर म्हणाली, आता कोणासाठी लावू? म्हशीचं दूध डेअरीला जातं. बाबा जेवताना ताकाऐवजी पाण्यात भात कालवतात.

उन्हाळा संपून शाळा उघडली आणि श्यामचा मला शाळेत फोन आला. "ताई, मले नाई होत आता हे. रस्त्यानं कोनाचंही पोरगं माय म्हनलं की मी वळून पाहतो. अपेक्षाही म्हनते, पुरे झालं. मी येतो अन् मायले माय म्हनतो. तू तिले सांगू नको." मी त्या दिवशी वर्गात पोरांवर ओरडले नाही. इतका आनंद मला पुष्कळ दिवसांत झाला नव्हता.

तो शनिवारी यायचा होता. घरी आला तर आधी गोदाबाईचं दार लागतं, म्हणून मी मायला बाजाराच्या निमित्ताने अंजनगावला घेऊन आले. स्टँडसमोर लसणाचे ढीग लागले होते. माय वाकून गड्डे निवडत होती, खराब ते बाजूला टाकत होती आणि विकणाऱ्या बाईशी घासाघीस करत होती. अमरावतीची गाडी आली. श्याम उतरला, त्याने आम्हाला पाहिलं आणि तिथूनच, भर गर्दीत, लहानपणी मारायचा तशी हाक मारली.

"माय!"

मायचा हात लसणात थांबला. तिने ऐकलं होतं, मी पाहिलं. पण ती वळली नाही.

"माय! अवं माय!" तो गर्दीतून वाट काढत आला.

लसणवाली म्हणाली, "बाई, तुमाले हाक मारून राहिले ते."

"माहा कोनी नाई इथं," माय म्हणाली आणि भराभर गड्डे पिशवीत टाकू लागली. चांगले, खराब, सगळे.

श्याम तिच्या मागे उभा होता. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. रडत होता तो, लोक बघत होते, त्याची त्याला पर्वा नव्हती. "माय, झालं. बरा झालो मी. पाह ना माह्याकडं."

तिने खांद्यावरचा त्याचा हात काढला. त्याच्याकडे न पाहता ती मला म्हणाली, आणि मोठ्याने म्हणाली, "रागिणी, गोदाबाईचा पोरगा आला वाटते. माय माय म्हनून राहिला. त्याले सांग, असं म्हनू नये. मावशी हाये म्हना इथं."

"माय, त्यालेच नको झालं हे," मी ओरडले. "तो सोता आला! वळ ना!"

"अन् उद्या काई झालं त?" ती पुटपुटली. "तू देशील काय आनून?"

मी श्यामकडे पाहिलं. गाडी हॉर्न देत मागे वळत होती आणि लसणवाली पैशासाठी हात पुढे करून बसली होती. माय तशीच पाठ करून उभी राहिली. ती तशी अंधार पडेपर्यंत उभी राहिली असती, हे त्यालाही कळलं.

"मावशी," तो म्हणाला.

तेव्हा ती वळली. तिने दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला, पुन्हा पुन्हा गालांवरून हात फिरवला, आणि म्हणाली, "आला कारे बापा? चाल, तुही माय वाट पाहून राहिली असंल."